बाकी पूर्वीप्रमाणे

सटवा,

तुझा कागद पोलिसांनी नेला. मूळ बाँड त्यांच्याकडे, झेरॉक्स माझ्याकडे. काल तुझा तेरावा उरकून धारूरला परत आलो, तहसीलसमोरची माझी खोली उघडली आणि ती झेरॉक्स पुढ्यात घेऊन बसलो. आज पुन्हा तेच करतोय. खाली तुझी सही आहे, चौथीत होती तशीच. स मोठा, ट त्याच्याहून मोठा, आणि वा जागा संपली म्हणून खाली घसरलेला. गुरुजी म्हणायचे, एवढी मेंढरं जाळीत बसवतोस, तीन अक्षरं ओळीत बसवता येईनात का तुला. तू सगळ्या वर्गाबरोबर हसायचास. शाळा सुटली तुझी, पण सही काही सुधारली नाही.

मला एक गोष्ट सांगायची आहे. तुला सांगून उपयोग नाही, तुला ती माहीतच आहे. सांगायची आहे गोदावैनींना, आणि तेरा दिवसांत ती माझ्या तोंडून निघाली नाही. रोज तुझ्या वस्तीवर जात होतो. दहाव्याला गेलो, तेराव्याला पंगतीत बसलो. जेवलो रे. तुझ्या तेराव्याला पोटभर जेवलो आणि हात धुऊन गप निघून आलो. म्हणून आज आधी तुझ्याशी बोलतोय, निदान तोंडाला सवय तरी व्हावी.

लोकांना वाटतंय की कागदाचं खूळ रानमालकाच्या पोराचं, प्रकाशचं. खूळ माझं होतं. तुझ्या मागे मी तीन वर्षं लागलो होतो, नांदूरघाटचं ते प्रकरण झाल्यापासून. तिकडच्या एका शेतकऱ्यानं तुला तोंडी सांगितलं होतं, सोयाबीन निघालं की मेंढ्या घेऊन ये, रान मोकळं ठेवतो, लेंड्यांचं खत होईल मला. तू दोन दिवस चालून कळप घेऊन गेलास, तर रानात दुसऱ्याच्याच मेंढ्या बसलेल्या. आणि तो गडी तुलाच विचारतोय, मी कवा म्हनलो बे? गोदावैनी, घोडं, कोंबड्या, चार दिवसांची कोकरं, सगळा बाडबिस्तरा गाडीवाटेवर पावसात उभा. हे तू मला महिन्यानं सांगितलंस, तेही दात काढत. माझंच डोकं फिरलं.

"सटवा, आता कागदाबिगर कुनाच्या रानात बसायचं न्हाई."

"कावून बे?"

"कावून म्हंजे? उद्या दुसरा कुनी न्हाई म्हनला तर?"

"म्हनंल की. मग तिसऱ्याच्या रानात जायचं. मेंढराला रान कळतंय, तुझा बाँड न्हाई कळत."

"लई अडाणी हायस तू."

"आन तू लई शाना. म्हनून तर तुझ्याकडं येतो च्या प्यायला."

असं तीन वर्षं चाललं. तू त्याला इकरार म्हणायचास. "इकरार झालाय माझा त्याच्यासंगं," म्हणायचास, म्हणजे दोघं झाडाखाली बसून बोललात आणि एका तांब्यातलं पाणी प्यालात. मी म्हणायचो, पाण्याला साक्षीदार कोण? तू म्हणायचास, तांब्या.

माझं म्हणणं मी अजूनही सोडलेलं नाही, हे तुला सांगून ठेवतो. मी तीस वर्षं कागद लिहितोय. सख्खे भाऊ, सासू-सून, घरमालक-भाडेकरू, सगळे माझ्यासमोर बसून गेलेत. भांडणाच्या मुळाशी बहुतेक वेळा चोर नसतो, लुच्चा नसतो. एकानं काहीतरी धरून चाललेलं असतं आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. तुझ्याकडून मला काय पाहिजे आणि माझ्याकडून तुला काय मिळणार, हे आधी लिहून काढलं तर माणसं एकमेकांच्या दारात जात राहतात. हे मी शंभर जणांना सांगितलं असेल. तुझ्यानंतर कुणाला सांगायला तोंड होईना, ही गोष्ट वेगळी.

दादारावांच्या रानात तू वीस-एक वर्षं बसत होतास. किल्ल्याच्या खालच्या अंगाचं ते काळं रान, मला माहीत आहे. एकदा मी आलो होतो तुझ्याबरोबर, आठवतं? दुपारची वेळ, ऊन मरणाचं. मला वाटलं पोहोचलो की तू वाघर लावशील, म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी ठोकशील, मग सावलीत बसून भाकरी खाऊ. पण तू काठी टेकून बांधावर उभा राहिलास. मेंढ्या बाहेरच थांबवल्या. दादाराव घरातून आले, चप्पल काढून म्हसोबाच्या दगडाला हात लावला आणि चालायला लागले. पुढं ते, मागं तू, तुझ्या मागं मी. चारी बांध. दर दहा पावलांवर म्हातारा थांबायचा. या बाभळीखाली बसू नकू, आग्यामोहळ हाय. इहिरीची ही कड ढासळायलीय, कोकरं हिकडं येऊ देऊ नकू. हे बीळ बघून ठेव. आणि तू प्रत्येक वेळी म्हणायचास, "बरं मालक." पुढं काय काय बोलले देव जाणे, मी रुमालानं डोकं पुसत होतो आणि घड्याळ बघत होतो. तासभर गेला त्यात. चौथा बांध संपल्यावर पाणी प्यालात आणि मगच पहिली मेंढी आत गेली.

परत येताना मी म्हणालो, "दर साल तेच रान, तोच बांध. काय फिरायचं त्यात?"

तू म्हणालास, "रान दर साली तेच नसतंय."

मी ते सोडून दिलं. तू अशी काहीतरी वाक्यं टाकायचास अधूनमधून.

मागच्या पावसाळ्यात दादारावांना अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू गेली, वाचा गेली. रान पोराकडं, प्रकाशकडं आलं. प्रकाश शिकलेला, सरळ वाटला मला. माझ्याकडं तोच आला आणि म्हणाला, आप्पा, बाबांचं तोंडी चालायचं, मला ते जमत नाही, दोघांच्या अपेक्षा काय आहेत त्या लिहून टाका, म्हणजे नंतर कटकट नको. आपलं म्हणणं ऐकणारं कुणीतरी भेटलं म्हणून मला आनंद झाला. तुला निरोप धाडला. तू आलास, गोदावैनींनी दिलेला ताकाचा कॅन घेऊन, आणि खुर्चीवर न बसता दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलास.

अकरा कलमं लिहिली मी. किती दिवस, किती मेंढ्या, बदल्यात धान्य कोणतं, पाणी कुठलं घ्यायचं, झाडाला कोयता लावायचा नाही, कुत्री बांधून ठेवायची, उभ्या पिकात जनावर शिरलं तर काय. चतुःसीमा घातली. पूर्वेस नाला, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस विहीर, उत्तरेस याच मालकाचा मका. ती मी सातबाऱ्यावरून आणि प्रकाशच्या तोंडून उतरवून घेतली, रान बघायला गेलो नाही. कशाला जातो? तीस वर्षांत शेकडो चतुःसीमा लिहिल्यात मी टेबलावर बसून. नववं कलम नेहमीचं होतं, कुठल्याही करारात जातं ते. आपापल्या माणसांची व जनावरांची जबाबदारी ज्याची त्याची राहील. हात आपोआप लिहितो ते.

मी वाचून दाखवलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालास, "आन खाली एक वळ टाक. बाकी पूर्वीप्रमाणे."

मी ओळ टाकली. बाराव्या क्रमांकाला, कच्च्या कागदावर. मग पेन थांबलं. "सटवा, ह्येचा अर्थ काय? पूर्वीप्रमाणे म्हंजे काय काय? एकेक सांग, मी ल्हितो."

"त्ये काय सांगायचं ऱ्हातं का? रानात गेल्यावर कळतंय."

"मग ती वळ टिकत न्हाई. उद्या वाद झाला तर ह्यो म्हनंल पूर्वी असं व्हतं, तू म्हनशील तसं व्हतं. संदिग्ध हाय."

"काय हाय?"

"संदिग्ध. दोन अर्थ निघतेत."

तू प्रकाशकडं बघितलंस. प्रकाश म्हणाला, मला काय, आप्पा म्हणतील तसं. तू म्हणालास, "खोड मग. तुझंच टेबल हाय." आणि मी खोडली. पट्टी लावून, सरळ रेघेत. पक्क्या बाँडावर ती गेलीच नाही. जाताना तू दारातून म्हणालास, "लई सफाईनं खोडलीस बे." मी हसलो. मला ते कौतुक वाटलं होतं.

आता ती गोष्ट.

तू रानात गेलास त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास मला तुझा फोन आला. माझ्यासमोर वाटणीचे तिघं भाऊ बसलेले, तिघंही एकदम बोलत होते. तू म्हणालास, "आप्पा, हा प्रकाश बांध फिरवायला येईना. गावाला जायचंय म्हनतो. म्हनतो, कागदात चारी बाजू ल्हिल्यात की. बसू का नकू?" तुझा आवाज नेहमीचाच होता. भीती नव्हती त्यात, राग नव्हता. फक्त विचारत होतास. तू आयुष्यात मला कधी विचारलं नव्हतंस की कुठं बसू, कुठं नको.

मी म्हणालो, "कागद झालाय ना? मग बस."

एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

पहाटे कोकरू उत्तरेच्या बांधाला गेलं. रानडुकरं मका फोडतात म्हणून प्रकाशनं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून विजेची तार ओढून बांधाच्या कडेनं नेली होती, गवतातून, गुडघ्याच्याही खाली. त्या पट्ट्यातले दोघं-चौघं तसं करतात, सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. कोकरू तारेला लागून तडफडायला लागलं आणि तू ते उचलायला गेलास. तू दुसरं काय करणार होतास?

मी माझ्या कागदावर उत्तर लिहिली होती. तार लिहिली नव्हती. तार कागद केला तेव्हा नव्हतीच म्हणे, आठ दिवसांनी लावली. म्हणजे मी रान बघायला गेलो असतो तरी मला दिसली नसती. हे मी स्वतःला बरेचदा सांगून बघितलं. पण पाच वाजता तुम्ही दोघं त्या बांधावरून चालत गेला असतात तर? प्रकाश कितीही घाईत असू दे. पायाजवळून तार गेलीय, मागं माणूस चालतोय, आणि तिच्याबद्दल एक शब्द न बोलता पुढं जाईल असा माणूस मी अजून पाहिला नाही. बांध फिरणं त्यासाठीच होतं. जे आठवणार नाही ते पायाखाली आल्यावर तोंडातून निघावं म्हणून. मी त्याला उन्हातला टाइमपास समजत होतो.

ठाण्यात जमादारानं तुझा कागद मोठ्यानं वाचला. प्रकाशचा चुलता नवव्या कलमावर बोट ठेवून उभा. "साहेब, ल्हिलंय की, जबाबदारी ज्याची त्याची. मयताची सही हाय." माझं अक्षर, माझी भाषा, माझा शिक्का. मयत म्हणजे तू. प्रकाश बाकावर बसून रडत होता. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती आणि तेवढ्यात तो म्हणाला, "बाबा असते चालते-फिरते तर बांध फिरवला असता हो त्यांनी." मग माझा हात वर आला नाही. जमादारानं मला विचारलं, कागद तुम्हीच केला ना? मी हो म्हणालो. आणखी काही सांगायचंय? मी नाही म्हणालो.

नाही म्हणालो, सटवा.

माझ्या खुर्चीवर तुझी घोंगडी आहे. तुला आठवत नसेल, किल्ल्यावर माझा पाय मोडला तेव्हाची. पोरांसारखी शर्यत लावायची हौस माझी, चाळिशी उलटल्यावर. पायरीवरून गेलो तो सरळ खाली. तू मला खांद्यावर टाकलंस, लंगडी मेंढी टाकतोस तसं, आणि बाजारपेठेतून सरळ दवाखान्यात. अख्खं धारूर बघत होतं. मी तुझ्या पाठीवर लोंबकळत ओरडत होतो, उतरव बे, लोक काय म्हणतील. तू म्हणालास, "वजन उचलायलो मी, आन लाज तुला कशाची?" दुसऱ्या दिवशी ही घोंगडी आणून दिलीस, तुझ्याच मेंढ्यांच्या लोकरीची. मी म्हणालो, याच्या बदल्यात काय देऊ, सांग, लिहून ठेवतो. तू शिवी दिलीस. चांगली सणसणीत. माझ्या सगळ्या आयुष्यात मला कुणी काही लिहून न घेता दिलं असेल तर ती घोंगडी. थंडीत गुडघा दुखतो तेव्हा अजून पांघरतो. मी तुझे आभार कधी मानले नाहीत. कलमात बसत नव्हतं म्हण हवं तर.

इथवर लिहिलं आणि दारात सावली पडली. गोदावैनी. आता संध्याकाळ झालीय, त्या गेल्यात, म्हणून पुढचं लिहितोय.

त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. तू टेकायचास त्याच चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आप्पा, कागद करायचाय."

"कसला?"

"माजलगावच्या अंगाला एकजन रान द्यायला तयार हाय. धरणाच्या पान्याचं रान हाय, चारा बक्कळ. मेंढरं किती दिस दारात ठिवू? पर त्यो बी कागद मागायलाय. आता समदेच मागायलेत."

मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "वैनी, आधी मला काहीतरी सांगायचंय." आणि सांगितलं. पाच वाजताचा फोन, तिघं भाऊ, तू काय विचारलंस, मी काय म्हणालो. बारावी ओळ, ती कुणी खोडली. तुला सांगून सराव केला होता तरी मधे दोनदा अडकलो.

वैनींनी पदर सारखा केला. "मला म्हाईत हाय."

"काय?"

"फोन इस्पीकरवर व्हता. त्येंला कमी ऐकायला यायचं की. मी तितंच चूल मांडायले व्हते."

मी विचारलं, "तेरा दिवस बोलला का नाहीत तुम्ही?"

"तुमी कवा बोलताव ते बघत व्हते."

बाहेर कुणीतरी बाँड आहे का म्हणून विचारलं, मी हातानंच नाही म्हणालो. वैनी खाली बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "फोन ठिवल्यावर माझ्याकडं बघितलं त्येनी. म्हनले, काय करावं गं? मी म्हनले, आप्पा म्हनतेत तर बसा की. कोकरं दमली व्हती. मला बी जरा टेकायचं व्हतं." मग म्हणाल्या, "हे मी बी कुनाला बोलले न्हाई."

त्यांना धीर द्यावा असं काही माझ्याकडं नव्हतं, आणि त्यांच्याकडं माझ्यासाठी नव्हतं. रडलो मी, त्यांच्यासमोर. त्या रडल्या नाहीत.

"जमादाराला सांगा," म्हणाल्या. "फोनचं बी आन त्या वळीचं बी. त्येनी मागितली व्हती वळ. कागदावर त्येंची सही हाय म्हनतेत ना, मग त्येंनी काय मागितलं व्हतं त्ये बी कळू दे."

मी दुपारीच गेलो, सटवा. जबाब दिला. कच्चा कागद दिला, खोडलेल्या ओळीसकट. जमादार म्हणाला, आप्पा, यात तुमचंच नाव खराब होईल. मी म्हणालो, घ्या लिहून.

पण त्याआधी वैनींचा कागद. त्या म्हणाल्या, "पयलं कलम. मालकानं सोता चारी बांध पायी फिरवल्याबिगर वाघर लागनार न्हाई." मी लिहिलं. "आन आता त्येंची ती वळ."

"बाकी पूर्वीप्रमाणे?"

"व्हय. पर तशी नका ल्हू. त्यो मानूस माजलगावचा, त्येला आपलं पूर्वीचं काय म्हाईत? पूर्वीप्रमाणे म्हंजी काय काय, त्ये समदं ल्हा."

तुला कळतंय का, वैनी मला माझंच वाक्य ऐकवत होत्या. फरक एवढाच, की आता सांगणारा माणूस नव्हता.

तरी बसलो. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. पहिल्या दिवशीची भाकरी मालकाच्या घरून यावी. ढासळती विहीर, मोहळ, बिळं दाखवावीत. फवारणी केली असली तर आधी सांगावं. वस्तीत कुणी आजारी पडलं तर मालकानं गाडी जुंपावी, नाहीतर मोटारसायकल काढावी. त्या रानात कोकरू जन्मलं तर ते मालकाच्या लेकराच्या हातात आधी द्यावं. न सांगता रान सोडू नये. बांधाचं धरून सात झाली. त्यानंतर वैनी थांबल्या. ओठ हलत होते, मोजल्यासारखे.

"अजून लई व्हतं," म्हणाल्या. "त्येंला म्हाईत व्हतं. मालक आन त्ये पुढं चालायचे. मी मागं कोकरं घिऊन असायचे, मला कुटं ऐकायला यायचं."

मी होतो तिथं. तुझ्या मागं तीन पावलांवर. दादाराव बोलत होते, तू बरं मालक, बरं मालक म्हणत होतास, आणि मी घड्याळ बघत होतो. दादारावांना आता बोलता येत नाही. परवा गेलो होतो, डोळ्यांतून पाणी येतं त्यांच्या, बाकी काही नाही.

वैनी म्हणाल्या, आठवलं की येते, तवर पक्का करू नका. आणि गेल्या.

बाँडावर रिकामी जागा सोडायची नसते. तीस वर्षं मी सोडलेली नाही. मजकूर संपला की उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारतो, मागून कुणी काही घुसडू नये म्हणून. आज सातच्या खाली अर्धं पान मोकळं आहे. पट्टी हातात घेतली आणि परत ठेवली. आठचा आकडा तेवढा घालून ठेवलाय.

आठवं काय होतं, सटवा?